‘सेल्फ’ बेअरिंग: एका गाळलेल्या आकड्याची पार्श्वभूमी

गोव्यातल्या डिचोली, उसगाव, सांगे या पट्ट्यात ज्याने खनिजाच्या प्लांटवर हात काळे केले आहेत, त्याला ‘सेल्फ’ म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. शाफ्टला, म्हणजे फिरणाऱ्या दांड्याला, आधार देणाऱ्या बेअरिंगची बाहेरची रिंग बोटांनी ढकलली आणि ती तिरकी कलली, की ते सेल्फ. घोटाळा इथूनच सुरू होतो, कारण अशी कलणारी बेअरिंगं दोन जातींची आहेत. एकात गोळ्या असतात, दुसऱ्यात रोलर.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात. गाडीच्या आसात गोळ्या घालण्याचं पेटंट वेल्समध्ये १७९४ साली निघालं, पण सगळ्या गोळ्या एकाच मापाच्या घासणारं यंत्र जर्मनीतल्या श्वाइनफुर्टला १८८३ मध्ये तयार झालं. सायकलच्या छर्ऱ्यांपासून पुढची सगळी वाटचाल त्या यंत्रामुळे शक्य झाली. टेपर, म्हणजे निमुळत्या, रोलरचं पेटंट अमेरिकेत १८९८ चं, तेही घोडागाडीच्या चाकांसाठी.

आपल्या कामाची गोष्ट १९०७ ची, स्वीडनमधल्या गोथेनबर्गची. तिथली एक कापड गिरणी चिकणमातीच्या जमिनीवर उभी होती. जमीन खचली की छताखालून जाणाऱ्या लांबलचक शाफ्टची रेषा बिघडे आणि बेअरिंगं फुटत. गिरणीतल्या एका तरुण इंजिनिअरने गोळ्यांच्या दोन रांगा घेतल्या आणि बाहेरच्या रिंगची आतली बाजू गोलाच्या पोटासारखी घासली. शाफ्ट वाकडा झाला तर गोळ्यांसकट आतली रिंग त्या पोटात कलते आणि फिरणं अडत नाही. मात्र त्याची किंमत मोजावी लागली. ६२०५ नंबरच्या साध्या बॉल बेअरिंगमध्ये गोळी खोबणीत बसते, खोबण तिला कवेत घेते. इथे गोळी मोठ्या वाटीच्या तळाशी इवल्याशा ठिपक्यावर टेकते, म्हणून वजन कमी पेलते. यावर उपाय १९१९ मध्ये आला: गोळ्यांच्या जागी मधे फुगीर, पिंपाच्या आकाराचे रोलर. त्याला नाव पडलं स्फेरिकल, म्हणजे गोलाकार, रोलर बेअरिंग. त्यातला रोलर गोल नाहीच. गोल आहे ती बाहेरच्या रिंगची वाटी. नाव रोलरचं आणि वर्णन रिंगचं, त्यामुळे ते कुणाच्या तोंडी बसलं नाही. दोन्हींना ‘सेल्फ’ म्हणणं सोपं पडलं.

आता नंबर पाहा. गोळ्यांचं २२१६, रोलरचं २२२१६. शेवटचा १६ म्हणजे सोळा पंचे ८०, आतलं भोक ८० मिलिमीटर. त्याआधीचे २२ रुंदी आणि बाहेरच्या व्यासाची मालिका सांगतात. रोलरवाल्यात सगळ्यात आधी जातीचा आकडा २ येतो. गोळ्यांच्या सेल्फची जात १, म्हणजे हिशेबाने नंबर १२२१६ व्हायला हवा होता. पण या मालिकेत तो पहिला १ लिहायचाच नाही असं ठरलं. हा निर्णय मला आजही पटत नाही. एका आकड्याची बचत झाली, पण त्यामुळे २२१६ हे २२२१६ चंच आखूड नाव वाटू लागलं. मापंही तंतोतंत तीच: भोक ८०, बाहेरचा व्यास १४०, रुंदी ३३ मिलिमीटर. निमुळत्या भोकाचं घेतलं तर शाफ्ट आणि भोक यांच्या मधे बसणारी नळी, म्हणजे स्लीव्हही, दोघांना एकच लागते. भार पेलण्याची ताकद मात्र रोलरवाल्यात तिपटीहून जास्त.

आमच्याकडे टेल पुलीच्या (कन्व्हेयर बेल्टच्या मागच्या टोकाच्या पुलीच्या) स्लीव्ह घातलेल्या ७० मिलिमीटर शाफ्टवर हेच घडलं. ‘सोळा नंबरचा सेल्फ’ मागवला, गोळ्यांचा आला, आणि सगळं इतकं बरोबर बसलं की कुणाला शंका आली नाही. नवव्या दिवशी प्लमर ब्लॉकचं, म्हणजे बेअरिंगच्या घराचं, झाकण काढलं तेव्हा ग्रीस राखाडी झालं होतं, बोटांत चोळलं की कचकच लागायची. बाहेरच्या रिंगचे टवके उडाले होते आणि गोळ्यांना जागेवर धरणारा पिंजरा दोन ठिकाणी तुटला होता. दुकानदाराला मी दोष देत नाही, आम्ही मागितलं तेच त्याने दिलं. गोळ्यांचा सेल्फ वाईट असतो असंही नाही. हलक्या भाराच्या, जोरात फिरणाऱ्या पंख्यावर तो थंड चालतो, तिथे तोच हवा. ओल्या खनिजाने लादलेल्या बेल्टखाली तो चालत नाही.

पुढे गोव्यात प्रश्नच बदलला. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, मधे काही सुरू झाल्या, २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या. यंत्रं भाराखाली, पावसात, वर्षानुवर्षं जागच्या जागी उभी राहिली. सीलमधून पाणी शिरलं, आणि जिथे रोलर रिंगला टेकून होते तिथेच गंज धरला. अशी बेअरिंगं धुऊन पाहिली की वाटीत गंजाच्या आडव्या रेघा दिसतात, रोलर जितक्या अंतरावर तितक्याच अंतरावर. रेघ बोटाला कळत नसली तरी नख अडतं. पुली फिरू लागली की घरघर येते, आणि ग्रीस कितीही भरलं तरी ती जात नाही.

एका प्लांटवर टेक-अपचं, म्हणजे बेल्ट ताणून धरणारं, वजन उचलून बेल्ट सैल केला होता. तिथला रखवालदार पावसाळाभर दर सोमवारी प्रत्येक पुली हाताने चार-पाच फेरे फिरवायचा. शाफ्टच्या टोकावर खडूची खूण असे. फिरवून सोडताना ती मागच्या सोमवारच्या जागी येणार नाही एवढं तो पाहायचा. तिथली २२२१६ उघडली तेव्हा वाट्या स्वच्छ निघाल्या.