सभेतलं भाषण आणि अडवून विचारलेलं उत्तर

शिवाजी पार्कची सभा सुटली की दादर स्टेशनपर्यंत एकच चर्चा चालते: "माणूस धडाडीचा आहे हो!" मीही हेच म्हणत आलो. पण सभेचं भाषण बहुतेक वेळा बेतलेलं असतं. मुद्दे कुणीतरी काढून दिलेले, टाळ्यांच्या जागा ठरलेल्या. त्यातून पक्षाला काय दाखवायचंय ते कळतं. स्वभाव शोधायचा तर विधानभवनाच्या पायऱ्यांवर पत्रकारांनी अडवल्यावर नेता काय बोलतो ते ऐकावं. प्रश्न आधी पाठवून घेतलेली मुलाखत मात्र मी भाषणातच धरतो.

नेत्याला समोर बसवून चाचणी घेता येत नाही, म्हणून अमेरिकेतल्या राजकीय मानसशास्त्रज्ञ मार्गारेट हरमन यांनी बोलण्यावरून सात गुण मोजायची पद्धत बसवली. सत्तेची ओढ, आत्मविश्वास, इतरांवरचा अविश्वास वगैरे. त्यांचीही पसंती उत्स्फूर्त उत्तरांनाच: निदान ५० उत्तरं, प्रत्येक १०० शब्दांचं तरी, निरनिराळ्या विषयांवरची. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या एका क्लिपवरून कुणाला हुकूमशहा ठरवणाऱ्यांनी हा आकडा ध्यानात ठेवावा.

मोजतात काय, तर साधे शब्द. समजा, दादरच्या हिंदमाता चौकात पाणी भरलंय. एक नेता म्हणतो, "आम्ही पंप लावलेत, रात्रीत उपसा करू." दुसरा म्हणतो, "पाऊसच तेवढा झाला, त्यात भरती होती, पाणी साचलं." पहिल्याच्या वाक्यात करणारा आहे, दुसऱ्याच्या वाक्यात सगळं आपोआप घडतंय. पुढच्या उत्तरांतही हेच दिसत राहिलं, तर घटना आपल्या हातात असतात ही धारणा पहिल्याकडे जास्त. पंप खरंच चालले का, हे यातून कळत नाही. तसंच 'शंभर टक्के', 'कधीच नाही' असे शब्द जास्त की 'शक्यता', 'उदाहरणार्थ' असे जास्त, यावरून विचार किती पदरी आहे ते जोखतात.

ही पद्धत इंग्रजीवर घडली. आत्मविश्वास 'मी', 'माझं' अशा शब्दांवरून मोजतात, पण मराठीत सर्वनामं मोजायला बसलं की खरी कसोटी लागते. 'करीन' म्हटलं की 'मी' वेगळा उच्चारावा लागत नाही. नुसते 'मी' मोजणाऱ्याच्या हातून तो निसटतो. 'आम्ही' ऐकणाऱ्याला बाहेर ठेवतं, 'आपण' त्याला आत घेतं, इंग्रजीत दोन्हींना 'वी' एवढंच. त्यात काही नेते एकट्यापुरतंही 'आम्ही' म्हणतात, तो आत्मविश्वासाच्या खात्यात टाकायचा की आपल्या गटाच्या ओढीच्या, हे वाक्य पुरतं वाचल्याशिवाय ठरत नाही. आणि 'आपण बसावं' मधला 'आपण' तर समोरचाच असतो.