फ्रेंचांचं इंग्रजी आणि वरच्या पायरीवर ठेवलेले वाक्प्रचार : पार्श्वभूमी

फ्रान्समध्ये शाळेची शेवटची परीक्षा देणाऱ्या मुलाला पहिली परकीय भाषा ‘बी-२’ पातळीपर्यंत, म्हणजे सहा पायऱ्यांतल्या खालून चौथ्या पायरीपर्यंत, यावी, हे उद्दिष्ट २००५ सालच्या सरकारी आदेशाने ठरलं. बहुतेकांची ही पहिली भाषा म्हणजे इंग्रजीच. भाषा किती येते हे मोजणाऱ्या ज्या युरोपीय चौकटीतून या पातळ्या उचलल्या, तिच्यात वाचनाच्या रकान्यात बी-२ला एक सवलत आहे. फारसे कानावर न पडणारे वाक्प्रचार अडले, तर अडू द्यावेत. फ्रेंच माणूस बैठकीत आकडे आणि करार इंग्रजीतून नीट मांडतो, पण नंतरच्या गप्पांत त्याला धागा सापडत नाही, ही तक्रार जुनीच आहे. तिच्या मुळाशी जायचं तर या सवलतीपाशी थांबावं लागतं.

इंग्लंडवरची फ्रेंचभाषक नॉर्मनांची राजवट आणि तिने इंग्रजीत ओतलेले शब्द वाचकांना ठाऊक आहेत. इंग्रजीने फ्रेंचमधून अख्खे वाक्प्रचारही उचलले, हे मात्र कमी सांगितलं जातं. ‘इट गोज विदाउट सेइंग’ हे फ्रेंच ‘सला व्हा सां दीर’चं शब्दाला शब्द ठेवून केलेलं इंग्रजी आहे. ‘ब्रेक द आइस’, ‘लूज वन्स हेड’ यांचीही जोडीदार वाक्यं फ्रेंचमध्ये तयार आहेत. फ्रेंच मुलाला हे सगळं फुकटात मिळतं. अडतात ते बाकीचे. आवाज घोगरा झाला की इंग्रजाच्या घशात बेडूक असतो आणि फ्रेंचाच्या घशात मांजर. दुसरी कामं पडली असतील तर इंग्रजाला मासे तळायचे असतात, फ्रेंचाला मांजरांना चाबकाने फटकवायचं असतं. न सांगता सटकणाऱ्याने ‘फ्रेंच रजा’ घेतली असं इंग्रज म्हणतात आणि तो ‘इंग्रजी पद्धतीने पळाला’ असं फ्रेंच म्हणतात. तिथे मात्र दोघांचा हिशेब चुकता आहे.

सोळाव्या शतकात धर्मछळाला कंटाळून लंडनला आलेल्या फ्रेंच प्रॉटेस्टंटांना इंग्रजी हवं होतं ते पोटापाण्यासाठी. त्यांच्यातल्याच एका शिक्षकाने १५८० साली त्यांच्यासाठी इंग्रजी शिकवणारं पुस्तक छापलं आणि १५८६ साली संवादांचं. या दुसऱ्या पुस्तकात इंग्रजी वाक्य, त्याचं फ्रेंच आणि तेच इंग्रजी वाक्य फ्रेंच जिभेला वाचता येईल अशा स्पेलिंगमध्ये, अशी मांडणी आहे. मासळीवाला, कापडवाला, खाटीक यांच्याशी बोलणी आहेत. वाक्प्रचारांचा वेगळा धडा कोणी काढलेला नाही. बोलण्याच्या ओघात जे आलं ते आलं.

वेगळे धडे आले शाळांमुळे. एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच शाळेत इंग्रजी म्हणजे भाषांतर, एकदा इकडून तिकडे, एकदा तिकडून इकडे. आपल्याकडच्या ‘अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा’ या हुकमी गुणांच्या प्रश्नाचा तो चुलतभाऊच. १९०१-०२ मध्ये सरकारने हे सगळं मोडीत काढलं आणि ‘प्रत्यक्ष पद्धत’ सक्तीची केली. वर्गात फ्रेंच बंद, वस्तू दाखवा, चित्रं दाखवा, कृती करा. खिडकी, खडू, टोपी यांचं निभावलं. पण घशातला बेडूक बोट दाखवून कसा शिकवणार? वाक्प्रचाराचा अर्थ दाखवता येत नाही, सांगावा लागतो, आणि सांगण्याची भाषाच वर्गाबाहेर काढलेली होती. शिक्षकांची कुरकुर वाढत गेली आणि १९२५च्या सूचनांनी समजावण्यापुरती फ्रेंच पुन्हा आत घेतली.

शाळेने टाकलेलं बाजाराने उचललं. १९२९ मध्ये स्वतःहून इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी एक पुस्तक निघालं. समोरासमोरच्या पानांवर इंग्रजी आणि फ्रेंच, रोजचा छोटा धडा. त्यातलं पहिलंच वाक्य, ‘माझा शिंपी श्रीमंत आहे’, फ्रान्समध्ये पिढ्यान् पिढ्या विनोदाला पुरलं आहे. १९५८ मध्ये फ्रेंच-इंग्रजी शैलीची तुलना करणाऱ्या दोन अभ्यासकांनी, त्यांतला एक कॅनडात काम करणारा, वाक्प्रचार शब्दशः न उतरवता त्याच प्रसंगाला शोभणारा दुसऱ्या भाषेतला वाक्प्रचार ठेवावा, असं नियमासारखं मांडलं. धसमुसळ्या माणसासाठीचा, चिनी मातीच्या भांड्यांच्या दुकानातला इंग्रजी बैल त्यामुळे फ्रेंचमध्ये लाकडी खुंट्यांच्या खेळात घुसलेला कुत्रा होतो. भाषांतरकारांना हे पटलं, शाळांपर्यंत फारसं पोचलं नाही. १९८५ मध्ये शब्दशः उतरवलेल्या वाक्प्रचारांचं एक विनोदी पुस्तक गाजलं. तोवर वाक्प्रचार म्हणजे हसण्याची गोष्ट झाली होती.

खरा वाद २००१चा. त्या वर्षी स्ट्रासबुर्गच्या युरोपीय संस्थेने ए-१ ते सी-२ अशा सहा पायऱ्यांची चौकट छापली. शब्दसंपत्तीच्या तक्त्यात वाक्प्रचारांवरची पकड दिसते ती फक्त सी-१ आणि सी-२ला. खाली बी-१च्या गप्पांच्या रकान्यात तर अट उलटी आहे. समोरच्याने फार वाक्प्रचार टाळले आणि उच्चार स्पष्ट ठेवले, तर शिकणाऱ्याला बरंचसं कळतं. म्हणजे ओझं समोरच्याच्या डोक्यावर! फ्रेंच आदेशाने शाळेची कमाल मर्यादा बी-२ला बांधली आणि वाक्प्रचार आपोआप कुंपणाबाहेर गेले. त्यांना बाहेर काढा असं कोणी कुठे लिहिलेलं नाही.

चौकटीच्या बाजूने बोलणारे दोन मुद्दे मांडतात. एक, ही चौकट काय शिकवावं हे सांगतच नाही, शिकणाऱ्याला काय जमतं याचं ती वर्णन करते. हे तिच्यातच नमूद आहे. पण वर्णनाला उद्दिष्टाचा शिक्का मारला की पाठ्यपुस्तकं आणि परीक्षा त्याच्यामागे जाणारच, आणि तो शिक्का पॅरिसमध्ये मारला गेला. दुसरा मुद्दा अधिक वजनदार आहे. आज फ्रेंच माणूस इंग्रजी बोलतो तो बऱ्याचदा पोलंडच्या किंवा जर्मनीच्या माणसाशी, आणि तिथे बेडूक-मांजरं वाटेत येतात. ब्रिटन २०२० मध्ये युरोपीय संघातून बाहेर पडलं, इंग्रजी मात्र संघाच्या कामकाजात राहिली. चौकटीच्या सुधारित आवृत्तीने ‘मूळ भाषक’ हा निकषच वगळला, वाक्प्रचारांची जागा मात्र वरच्याच पायऱ्यांवर ठेवली.

तरी एक गोष्ट खटकते. ही शिडी सगळ्या भाषांना आणि सगळ्या शिकणाऱ्यांना एकच आहे. ज्याच्या भाषेत जोडीदार वाक्य नाही त्या मुलाला ‘इट गोज विदाउट सेइंग’ पाठ करावं लागतं, फ्रेंच मुलाला ते दाखवलं की कळतं. जे त्याला दुसऱ्या वर्षी सहज देता आलं असतं, ते या शिडीने सर्वांत वर टांगून ठेवलं. एरवी इंग्रजीच्या नावाने बोटं मोडणाऱ्या देशात, जो वारसा अर्धा आपलाच आहे त्याच्यावर कोणी हक्क सांगू नये, हे नवलच.

नंतरचे वाद दुसरीकडेच वळले. २०१३ मध्ये विद्यापीठांत इंग्रजीतून शिकवायला मोकळीक देणारा कायदा चर्चेत होता, तेव्हा एका दैनिकाने पहिलं पान इंग्रजीत छापलं आणि गहजब झाला. २०२० मध्ये पदवीसाठी इंग्रजीचं बाहेरचं प्रमाणपत्र सक्तीचं झालं आणि २०२२ मध्ये सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने तो आदेश रद्द केला. इंग्रजी किती आणि कोणाच्या शिक्क्याने, यावर भांडण झालं. कोणतं इंग्रजी, हा प्रश्न बाजूलाच राहिला. २०१९ पासून लागू झालेल्या वरिष्ठ माध्यमिकच्या रचनेत पहिल्या भाषेला बी-२ आणि दुसरीला बी-१ हेच उद्दिष्ट आहे. त्यामुळे जर्मन पहिली आणि इंग्रजी दुसरी घेणाऱ्या मुलाच्या वाट्याला अजूनही तीच बी-१ची अट येते, समोरच्याने वाक्प्रचार टाळण्याची.