एरियलच्या तारेपासून केबलवाल्याच्या तारेपर्यंत

रेडिओ घरात आणायचा तर आधी पोस्टात जावं लागे. 1885 च्या तार कायद्याखाली रेडिओ नुसता ऐकायलासुद्धा परवाना लागत असे. पासबुकासारखं एक छोटं पुस्तक मिळे, त्यात सेटचा मेक, मॉडेल आणि नंबर लिहिलेला असे. दरवर्षी पैसे भरले की आत तिकीट चिकटवून वर शिक्का. सत्तरच्या दशकात साध्या घरगुती रेडिओला वर्षाचे 15 रुपये पडत, टीव्हीला 50. ऐंशीच्या दशकाच्या मध्यात हे परवाने रद्द झाले, पण पोस्टाचा संबंध तिथे संपला नाही. तो पुढे केबलवाल्यांच्या वेळी पुन्हा येतो.

मुंबईत नियमित प्रसारण 23 जुलै 1927 ला सुरू झालं, तेही एका खासगी कंपनीकडून. ती तीन वर्षांत बुडाली, सरकारने केंद्र चालवायला घेतलं आणि 1936 मध्ये 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव आलं. नागपूर केंद्र 1948 चं, पुणे 1953 चं. ही सनावळी कुठेही सापडते. घरात आवाज येत होता कसा, हे मात्र फारसं कुणी लिहून ठेवलेलं नाही, आणि खरी गंमत तिथेच आहे.

व्हॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या नळ्यांचा, रेडिओ बटण फिरवल्याबरोबर बोलत नसे. आतले फिलामेंट तापायला अर्धा मिनिट लागे, मग आधी घुंऽऽ असा आवाज आणि त्यातून हळूहळू माणूस बोलू लागे. सातच्या बातम्या ऐकायच्या तर सातला एक मिनिट कमी असतानाच सेट लावायचा, हे घरातल्या पोरांनाही ठाऊक असे. महागड्या सेटला 'मॅजिक आय' नावाचा हिरवा दिवा असे. स्टेशन नेमकं लागलं की त्यातली काळी फट मिटे.

पण सेटपेक्षा महत्त्वाची होती एरियल. गच्चीवर किंवा कौलांवर दोन बांबू, त्यांच्यामध्ये तीस-चाळीस फूट तांब्याची तार, दोन्ही टोकांना चिनी मातीचे इन्सुलेटर आणि एका टोकाकडून खिडकीतून आत आणलेली दुसरी तार. चाळीत एवढी जागा कुठून येणार? तिथे तांब्याच्या बारीक तारांनी विणलेली जाळीची पट्टी भिंतीच्या एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत ताणून लावत. अर्थिंगची तार नळाच्या लोखंडी पाइपाला गुंडाळलेली असे. पाइप घासून चकचकीत न करता, रंगावरूनच तार गुंडाळली की अर्थ मिळत नसे आणि खरखर तशीच राही. निम्म्या तक्रारींचं मूळ एवढंच असे. मे महिन्यात वळीव गडगडू लागला की जाणती माणसं एरियलची पिन सेटमधून काढून ठेवत. ज्यांनी काढली नाही, त्यांची पहिली कॉइल वीज पडल्यावर जळे.

ट्रान्झिस्टर आल्यावर तारेची गरज कमी झाली, कारण मीडियम वेव्हची एरियल आतच, फेराइटच्या काळ्या कांडीवर गुंडाळलेली असते. ही कांडी दिशा ओळखते. प्रक्षेपकाकडे आडवी असली तर आवाज भरून येतो, टोक त्याच्याकडे गेलं की पडतो. रेडिओ कोनाड्यात तिरका ठेवलेला दिसे, त्यामागचं कारण हे. खाली पडला की कांडी मधोमध तुटे आणि मग जवळची केंद्रं तेवढी ऐकू येत. डायलचा काटा न हलता बटण नुसतंच फिरू लागलं तर आतला दोरा सैल झालेला असे. मेकॅनिक त्याला राळ चोळून पुन्हा गुंडाळे. सेल संपत आले की ते उन्हात वाळत घालायचा प्रकार घरोघरी चाले. ऊब मिळाली की आतली रासायनिक क्रिया थोडी वेग घेते, त्यामुळे तासाभराचा आवाज खरोखरच मिळे. वाईट एवढंच की असे सेल नंतर फुटत आणि त्यांच्या पाण्याने स्प्रिंगा हिरव्या पडत.

निवेदक केंद्राच्या नावासोबत मीटर आणि किलोहर्ट्झ दोन्ही सांगत, कारण जुन्या सेटच्या काचेवर मीटर छापलेले असत. मुंबई ब 537.6 मीटर म्हणजे 558 किलोहर्ट्झ, पुणे 378.8 मीटर म्हणजे 792, सांगली 1251. किलोहर्ट्झच्या या तिन्ही आकड्यांना 9 ने भाग जातो, हा योगायोग नव्हे. 1978 च्या अखेरीस आंतरराष्ट्रीय करारानुसार मीडियम वेव्हची सगळी केंद्रं 9 किलोहर्ट्झच्या अंतराने नव्याने मांडली गेली. वर्षानुवर्षं डायलवर पेन्सिलीने केलेली खूण तेव्हा केसभर चुकू लागली. रेडिओ बिघडला म्हणून तो दुकानात नेणारे तेव्हा बरेच असणार.

'कामगार सभा', 'वनिता मंडळ', 'आपली आवड' हे दिवसाचे ठरलेले टप्पे होते, पण हिंदी चित्रपटगीतांची गोष्ट निराळी. 1952 पासून माहिती खात्याचे मंत्री असलेले बाळकृष्ण केसकर मूळ पुण्याचे, शास्त्रीय संगीताचे कैवारी. त्यांच्या काळात आकाशवाणीवरून चित्रपटगीतं जवळजवळ हद्दपार झाली. त्याच वर्षी रेडिओ सिलोनवर 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. निवेदक अमीन सायानी मुंबईत बोलत, टेप विमानाने कोलंबोला जाई आणि बुधवारी रात्री आठला तोच आवाज शॉर्टवेव्हवरून परत मुंबईत येई. म्हणजे गिरगावात बनलेलं गाणं दादरला पोचायला समुद्र ओलांडून जात होतं. शॉर्टवेव्हच्या लहरी वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावर आपटून खाली येतात. तो थर सतत हलता असल्यामुळे आवाज लाटेसारखा चढे-उतरे आणि नेमकी गाणं क्रमवारीत एक पायरी (पायदान) वर सरकल्याची ओळच बुडे. श्रोते असे सिलोनकडे वळले, त्यावर तोडगा म्हणून 3 ऑक्टोबर 1957 ला विविध भारती सुरू झाली, आणि 1 नोव्हेंबर 1967 पासून मुंबई, पुणे, नागपूरला तिच्यावर जाहिराती वाजू लागल्या.

2 ऑक्टोबर 1972 ला मुंबई दूरदर्शन आलं आणि रेडिओच्या मेकॅनिकला गच्चीवरचं नवं काम मिळालं. पुढच्याच वर्षी सिंहगडावरच्या प्रक्षेपकातून पुण्याला चित्र मिळू लागलं. मुंबईचा चॅनेल 4, म्हणजे 61 ते 68 मेगाहर्ट्झ. या कंप्रतेची (फ्रीक्वेन्सीची) लहर साडेचार मीटरांहून लांब, म्हणून अँटेनाचा मुख्य दांडा सव्वासात फुटांच्या आसपास. कावळ्यांना एवढी ऐसपैस बैठक शहरात दुसरी नव्हती. दांडा वाकला, जोडाचा नट गंजला किंवा तीनशे ओहमची चपटी वायर पावसात भिजली की चित्रावर मुंग्या. समोर नवी इमारत उठली की प्रत्येक माणसाच्या उजव्या अंगाला त्याचंच फिकट भूत दिसे. थेट आलेली लहर आणि भिंतीवर आपटून जरा उशिरा आलेली लहर, दोन्ही एकाच वेळी पडद्यावर. एकाने गच्चीवर पाइप फिरवायचा, दुसऱ्याने खिडकीतून ओरडायचं, तिसऱ्याने टीव्हीसमोर बसून निकाल द्यायचा, हे तिघांचं काम होतं.

केबल उपग्रहामुळे आली असा समज आहे, तो चुकीचा. केबल आली ती व्हीसीआरमुळे, ऐंशीच्या दशकाच्या मध्यात, मुंबईच्या उंच इमारतींतून. आर्थिक हिशेब साधा होता. एका घराला व्हीसीआर परवडत नाही, चाळीस घरांना मिळून सहज परवडतो. कुणाच्या तरी खोलीत एक व्हीसीआर, त्याला जोडलेला, त्याचं चित्र टीव्हीच्या एखाद्या चॅनेलवर चढवणारा मॉड्युलेटर, पुढे सिग्नल वाढवणारा अॅम्प्लिफायर आणि जिन्याच्या डक्टमधून मजल्यामजल्याला उतरणारी 75 ओहमची को-अॅक्स वायर. व्हीसीआरचं स्वतःचं आउटपुट यूएचएफवर, म्हणजे वरच्या कंप्रतांवर, निघे आणि घरोघरचे कृष्णधवल सेट फक्त व्हीएचएफचे, म्हणजे खालच्या कंप्रतांचे, म्हणून मॉड्युलेटर वेगळा लागे. तोही बहुधा रेडिओवाल्याच्याच टेबलावर जुळवलेला. हा धंदा मुख्यतः दोन प्रकारच्या लोकांनी उभारला: ज्यांच्याकडे सोल्डरिंग आयर्न होतं ते आणि ज्यांच्याकडे व्हिडिओ लायब्ररी होती ते.

शंभर हातांतून फिरलेल्या कॅसेटची पावडर व्हीसीआरच्या हेडवर, म्हणजे टेप वाचणाऱ्या बारीक टोकावर, बसे आणि चित्राऐवजी बर्फ दिसे. साफ करायचं ते स्पिरिट लावलेल्या शॅमीच्या (मऊ चामड्याच्या) तुकड्याने, तेही हेड बसवलेला ड्रम हाताने फिरवत आडवं. वरून खाली घासलं की केसाएवढं हेड तुटलंच. पावसाळ्यात कॅसेटच्या रिळाच्या कडेला पांढरी बुरशी धरे. अशी कॅसेट लावली की ती बुरशी पुढच्या दहा कॅसेटना लागे, म्हणून जाणते लोक कॅसेट खोक्यातून काढून आधी उजेडात तिरकी धरून बघत. कायद्याचं म्हणाल तर 1989 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला की वर्गणीदारांना केबलवरून सिनेमा दाखवणं म्हणजे जाहीर प्रक्षेपणच, हक्क विकत घेतल्याशिवाय ते करता येणार नाही. तरीही सिनेमे रोज लागत होते.

जानेवारी 1991 च्या आखाती युद्धाच्या थेट प्रक्षेपणाने डिश काय असते हे दाखवलं, आणि त्याच वर्षी एशियासॅट-1 या उपग्रहावरून स्टारच्या वाहिन्या सुरू झाल्या. 2 ऑक्टोबर 1992 ला झी आला. एशियासॅट-1 हा 105.5 अंश पूर्व रेखांशावर. मुंबईहून बघितलं तर पूर्व-आग्नेयेला, क्षितिजापासून साधारण 47 अंश वर. आठ ते बारा फुटांची जाळीची डिश बसवताना पहिलं काम खांब ओळंब्यात उभा करण्याचं. तो अर्धा अंश जरी कलला तरी पुढची सगळी मापं चुकतात. मग कोनमापकाने उंची लावायची, डिश सावकाश आडवी फिरवायची, चित्राची चाहूल लागली की फीडहॉर्न (डिशसमोरचा सिग्नल गोळा करणारा भाग) आत-बाहेर सरकवून आणि शेवटी फिरवून ध्रुवीकरण, म्हणजे लहरींच्या कंपनाची दिशा, जुळवायचं. बारा फुटी डिशची नजर जेमतेम दीड अंशाची, त्यामुळे वादळी वाऱ्याने नट सरकला की पडद्यावर पांढऱ्या-काळ्या ठिपक्यांचा पाऊस. मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सांध्यावर सकाळी दहाच्या सुमारास काही मिनिटं चित्र आपोआप जाई, कारण त्या वेळी सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येई आणि डिश सूर्याचाच गोंगाट ऐकू लागे. केबलवाल्याकडे तक्रारी येत, तो 'वरूनच गेलंय' म्हणे, आणि या एका बाबतीत तो खरं बोलत असे.

एरवी बिघाड खालीच असे. वायर झाडांवरून, गॅलऱ्यांवरून, विजेच्या खांबांवरून गेलेली. दर शंभर-दीडशे मीटरवर अॅम्प्लिफायर, आणि त्याला वीज कुठली तर ज्याच्या भिंतीवर तो लावलाय त्याच्या घरची. बदल्यात त्या घराला केबल फुकट. म्हणून एका गल्लीतली वीज गेली की पुढच्या चार गल्ल्यांतली, दिवे चालू असतानाही, केबल बंद. ते कुटुंब कुलूप लावून गावाला जाताना मेन स्विच पाडून गेलं तरी तेच. पडद्यावर वर सरकणारा जाड पट्टा दिसला तर कुठल्यातरी अॅम्प्लिफायरचा, वीज सपाट करणारा फिल्टर कंडेन्सर फुगलेला. भूत दिसलं तर कुणीतरी टीव्ही विकून वायर उघडी सोडलेली, आणि तिच्या टोकावरून लहर परत फिरतेय. घरातल्या घरात एका वायरचे दोन टीव्ही केले की सिग्नल साडेतीन डेसिबलने कमी होई. चोरून जोडलेल्या तिसऱ्या टीव्हीचा पत्ता लागे तो शेजाऱ्याचं चित्र मंद झाल्यावर.

या सगळ्यात एक गोष्ट पुढे फार महत्त्वाची ठरली. को-अॅक्स वायरमध्ये वरच्या कंप्रता जास्त झिजतात, खालच्या कमी. त्यात जुन्या टीव्हींना बारा-पंधराच चॅनेल लागत. त्यामुळे लाइनीच्या शेवटच्या घरातही स्वच्छ दिसणाऱ्या जागा मोजक्याच होत्या. कोणती वाहिनी त्या जागी बसवायची हे केबलवाला ठरवी, आणि पुढे वाहिन्या त्या जागेसाठी त्याला पैसे मोजू लागल्या. तीच कॅरेज फी. दूरदर्शनच्या वाहिन्या याच खालच्या पट्ट्यात दाखवल्या पाहिजेत, अशी तरतूद 2000 साली कायद्यात घालावी लागली.

त्याच पट्ट्यात केबलवाल्याचा स्वतःचा चॅनेलही असे. दुपारी एक सिनेमा, रात्री एक, खाली सरकत्या पट्टीवर साडीच्या सेलची आणि क्लासेसची जाहिरात, वाढदिवसाच्या शुभेच्छा, गणपतीत विसर्जनाची मिरवणूक. कॅसेट संपली आणि ऑपरेटरचा डोळा लागलेला असला की दहा मिनिटं निळा पडदा. वर्गणी महिन्याला शंभराच्या आसपास, पावती क्वचितच.

सप्टेंबर 1994 मध्ये अध्यादेश आला, 1995 मध्ये केबल टेलिव्हिजन नेटवर्क कायदा. केबलवाल्याने नोंदणी करायची ती मुख्य पोस्टात, फी 500 रुपये. रेडिओच्या परवान्याचं पुस्तक जिथे शिक्का मारून मिळे, त्याच खिडकीवर.

31 ऑक्टोबर 2012 च्या मध्यरात्री मुंबईतली अॅनालॉग केबल बंद झाली, पुणे-नागपूरसारख्या शहरांची पाळी मार्च 2013 अखेर आली. जुने मॉड्युलेटर किलोच्या भावाने भंगारात गेले. दोन इमारतींमधली जाड काळी को-अॅक्स मात्र बऱ्याच ठिकाणी उतरवली गेली नाही. जिथे तिच्यातून आता काहीच जात नाही, तिथे इंटरनेटची फायबर टाकायला आलेली पोरं नवी तार ओढत बसत नाहीत. तिलाच टाय मारून फायबर पुढे नेतात.