अपस्माराची औषधे आणि प्रतिजैविके

फिटवरचे औषध रक्तात ठरावीक पट्ट्यात असेल तरच उपयोगी पडते. पातळी घसरली की फिट येते, चढली की विषबाधा होते. काही प्रतिजैविके हा पट्टा दोन-तीन दिवसांतच मोडतात.

सर्वांत फसवी जोडी व्हॅल्प्रोएट हे फिटवरचे औषध आणि मेरोपेनेम, इमिपेनेम, अर्टापेनेम या इंजेक्शनने दिल्या जाणाऱ्या कार्बापेनेम गटातल्या प्रतिजैविकांची. व्हॅल्प्रोएटची अपेक्षित पातळी मिलिलिटरमागे ५० ते १०० मायक्रोग्रॅम. मेरोपेनेम सुरू झाले की बहुधा २४ ते ४८ तासांत ती निम्म्याहूनही खाली येते, कधी मोजण्याइतकीही उरत नाही. यकृत व्हॅल्प्रोएटला ग्लुकुरोनाइड हा साखरेसारखा तुकडा जोडून बाहेर काढते, पण त्यातला काही भाग एक विकर (एन्झाइम) तोडून पुन्हा मूळ औषधात आणतो. कार्बापेनेम हे विकरच बंद पाडते, असे मानले जाते. त्यामुळे डोस वाढवला तरी पातळी क्वचितच सावरते, आणि इंजेक्शन थांबल्यावरही ती पूर्ववत व्हायला एक-दोन आठवडे जातात. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाची फिट तर बाहेरून दिसतही नाही, ईईजीवरच (मेंदूच्या विद्युत लहरींच्या आलेखावरच) कळते. दुसऱ्या गटाचे प्रतिजैविक चालणार असेल तर तेच द्यावे. नाहीच चालले, तर पहिल्या दिवसापासून लेव्हेटिरासिटाम हे फिटवरचे दुसरे औषध जोडतात. त्याचा डोस किडनीच्या कामानुसार ठरतो आणि व्हॅल्प्रोएट सावरेपर्यंत ते सुरू ठेवावे लागते.

कार्बामाझेपिन या फिटवरच्या औषधाचे उलट. क्लॅरिथ्रोमायसिन किंवा एरिथ्रोमायसिन ही प्रतिजैविके त्याचे यकृतातले विघटन रोखतात, आणि पातळी चढते. काही दिवसांत रुग्णाला एकाचे दोन दिसतात, तोल जातो, ओकाऱ्या होतात. घशासाठी गोळ्या देणारे डॉक्टर बहुधा वेगळे असतात, आणि चक्कर अशक्तपणाच्या खाती जमा होते. ॲझिथ्रोमायसिनने हा घोळ सहसा होत नाही.

क्षयाच्या उपचारात फेनिटॉइन या फिटवरच्या औषधाला दोन्ही बाजूंनी ओढ बसते: क्षयाच्या औषधांपैकी रिफाम्पिसिन पातळी खाली खेचते, आयसोनियाझिड वर चढवते. दोन्ही सोबत असताना अंदाज बांधणे कठीण. प्रतिबंधासाठी सहा महिने नुसते आयसोनियाझिड दिले, तर मात्र पातळी चढण्याकडेच लक्ष ठेवावे. फेनिटॉइन पचवणारी विकरे लवकर भरून जात असल्याने थोडासा अडथळाही पातळीला मोठी उडी देतो.

तपासणीचे रक्त सकाळच्या गोळीआधी घ्यावे. फेनिटॉइन रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटून राहते; ते प्रथिन कमी असलेल्या रुग्णात फेनिटॉइनचा एकूण आकडा कमी दिसतो, पण मुक्त (न चिकटलेले, काम करणारे) औषध पुरेसे, कधी जास्तही असते. त्या आकड्यावरून डोस वाढवू नये.