चपड्याचं पॉलिश: जुनं लाकडी सामान आमच्याकडे देण्याआधी वाचा

आजीचं शिसवी कपाट किंवा देव्हारा घेऊन येणारे बहुतेक जण पहिल्यांदा विचारतात, ‘सगळं घासून पीयू मारून द्याल का?’ देऊ. पीयू म्हणजे पॉलियुरेथेनचं कडक पॉलिश; जेवणाच्या टेबलाला तर आम्ही स्वतःच ते सुचवतो. पण जुन्या कपाटावर आज काय आहे ते आधी सांगतो, कारण एकदा खरवडलं की साठ-सत्तर वर्षांत मुरलेला तो रंग परत आणता येत नाही.

मागच्या बाजूला, न दिसणाऱ्या कोपऱ्यात आम्ही स्पिरीटचं बोट फिरवतो. बोट चिकट झालं, की ती लाख. आणि लाख एक किडा तयार करतो.

पळस, बोर, कुसुम यांच्या कोवळ्या डहाळ्यांवर या किड्याची तांबडी पिल्लं पसरतात. एकेक पिल्लू मिलीमीटरभरही नसतं. सालीत सोंड खुपसून ते रस ओढतं आणि बसल्या जागी अंगाभोवती राळेचं कवच करतं. मादी त्या कवचातून पुन्हा कधीच बाहेर येत नाही. अशी हजारो कवचं एकमेकांना चिकटून डहाळीभर खडबडीत थर जमतो. तो खरवडून, कुटून, धुऊन लाखेचे दाणे मिळतात. ते वितळवून पापडासारखे पातळ ताणले आणि मोडले की चपडा. कुसुमावरची लाख फिकी असते, म्हणून महाग. पळसावरची जास्त लालसर. आपल्या देशात सर्वांत जास्त लाख झारखंडात होते.

यात किडे मरतात का, असं शाकाहारी ग्राहक विचारतात. हो, मरतात. पुढच्या पिकासाठी काही डहाळ्या राखून पिल्लं बाहेर पडू देतात, बाकीच्या कापल्या जातात. हे ऐकून कोणी दुसरं पॉलिश मागितलं, तर आम्ही तेच करून देतो.

लाखेचे दाणे धुताना पाणी लाल होतं. पायाला लावायचा अळता मुळात त्याच लालीचा; संस्कृतातला ‘अलक्तक’ म्हणजे लाखेचा रंग. कापडही त्याने रंगवत. १८५६ नंतर रासायनिक रंग आले आणि हा रंग मागे पडला. पण शब्द राहिले. पत्र लाखेने बंद करायचे म्हणून ‘लाखोटा’. वारणावतात पांडवांसाठी बांधलेलं घरही लाखेचंच. अथर्ववेदात तर जखम भरून आणणारी म्हणून लाक्षेचं एक स्वतंत्र सूक्त आहे. सोनाराकडे जुनी बोरमाळ मोडायला नेली असेल, तर पोकळ मण्यांत भरलेली लाख वजनातून वजा होताना तुम्ही पाहिली असेल.

१५६३ साली गोव्यात छापलेल्या आपल्या ग्रंथात गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने लाखेवर एक प्रकरण लिहिलं आणि ती पंखवाल्या मुंग्या करतात असं सांगितलं. मुंग्या नव्हेत, पण झाडाचा डिंक नसून किड्याचं काम आहे हे त्याने ओळखलं होतं. खऱ्या किड्याचं शास्त्रीय वर्णन जेम्स कर यांनी १७८१ मध्ये छापलं. त्याच्या शास्त्रीय नावातलं ‘केरिया’ त्यांच्यावरूनच आलं.

आम्हाला सगळ्यांत जवळची वाटते ती तबकडी. ७८ फेऱ्यांच्या जुन्या ग्रामोफोन तबकड्यांत दगडाची भुकटी आणि काजळी लाखेनेच बांधलेली असे. बालगंधर्वांची नाट्यपदं घरोघरी पोचली ती याच लाखेवरून. दुसऱ्या महायुद्धात लाख दुर्मिळ झाली, तेव्हा परदेशांत जुन्या तबकड्या परत गोळा करून, वितळवून नव्या केल्या जात. ज्या कपाटात त्या तबकड्या ठेवल्या, त्यावरही बऱ्याचदा हीच लाख असे.

आता आमच्या कामाविषयी. चपडा आम्ही रात्रभर स्पिरीटमध्ये भिजवतो, गाळतो आणि मलमलीत गुंडाळलेल्या कापसाच्या बोळ्याने हात फिरवत पातळ थर चढवतो. एकावर एक, अनेक दिवस. वरचा थर खालच्यात विरघळून एकजीव होतो, म्हणून ओरखडा पडला तर तेवढीच जागा दुरुस्त होते. पीयूचं तसं नाही, तिथे बहुधा पूर्ण पृष्ठभाग घासावा लागतो. तयार द्रावण जुनं झालं की नीट वाळत नाही, म्हणून प्रत्येक बरणीवर आम्ही तारीख लिहितो. भर पावसाळ्यात हे काम घेत नाही. दमट हवेत थरावर पांढुरकी झाक येते. घाई असली तरी कृपया दिवाळीनंतरचीच तारीख मागा.

घरी एवढं सांभाळा: गरम चहाचा कप थेट ठेवू नका, पांढरं वर्तुळ उठतं. सॅनिटायझर किंवा अत्तर सांडलं तर घासू नका, लाख विरघळते. फडकं नुसतं टेकवून टिपून घ्या. पुसायला कोरडं मऊ सुती कापड पुरे. वर्तुळ उठलंच, तर खरवडण्याआधी त्याचा फोटो काढून आम्हाला दाखवा.