सिकलसेल: गर्भातलं हिमोग्लोबिन पुन्हा सुरू करताना

विदर्भात आणि सातपुड्याच्या पट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार म्हणजे काय, हे सहसा समजावून सांगावं लागत नाही. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, नंदुरबार या भागांत रक्ततपासणीच्या कागदावर 'एएस पॅटर्न' आहे की 'एसएस पॅटर्न', यावर घरातले पुढचे कितीतरी निर्णय ठरतात. एएस म्हणजे आई-वडिलांपैकी एकाकडूनच सिकलचं जनुक आलेला वाहक, एसएस म्हणजे दोघांकडूनही ते आलेला रुग्ण. या सगळ्यामागे अकराव्या गुणसूत्रावरच्या बीटा ग्लोबिन जनुकातलं डीएनएचं एकच चुकलेलं अक्षर असतं. तिथे 'ए' ऐवजी 'टी' येतो, त्यामुळे प्रथिनाच्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसतं. असं हिमोग्लोबिन ऑक्सिजन सोडलं की एकमेकांना चिकटतं, त्याचे ताठ दोरे होतात आणि तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. ती बारीक रक्तवाहिन्यांत अडकली की हाडांत, छातीत, पोटात असह्य कळा येतात. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही १० ते २० दिवसांतच संपते.

नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने आणि पुढच्याच महिन्यात अमेरिकेने या आजारावर क्रिस्पर या जनुक कापण्याच्या तंत्राने केलेला पहिला उपचार मंजूर केला. त्याचं नाव कॅस्जेवी. पण हा उपचार ते चुकलेलं अक्षर दुरुस्त करत नाही. क्रिस्परची कात्री डीएनए अचूक जागी कापते, पण कापलेल्या जागी हवं तेच अक्षर लिहून घेणं, ज्यांपासून रक्ताच्या सगळ्या पेशी बनतात त्या मूळपेशींत फार अवघड असतं. बहुतेक पेशी तुटलेली टोकं घाईने जोडतात आणि त्यात चार-दोन अक्षरं गळतात. हीच गळती उपयोगाला येईल अशी जागा संशोधकांनी शोधली.

आईच्या पोटात असताना बाळाच्या रक्तात वेगळं हिमोग्लोबिन असतं. त्यात बीटाऐवजी गॅमा साखळ्या असतात आणि त्यावर सिकलच्या चुकीचा परिणाम होत नाही. जन्मानंतर काही महिन्यांत गॅमा जनुक मंदावतं आणि आजार तेव्हाच डोकं वर काढतो. नवजात बाळांच्या रक्तात विळ्यासारख्या पेशी कमी दिसतात, हे डॉक्टर जेनेट वॉटसन यांनी १९४८ मध्येच नोंदवलं होतं. गॅमा जनुक बंद ठेवणारं प्रथिन मात्र २००८ च्या सुमारास ओळखलं गेलं. त्याचं नाव बीसीएल११ए. ते सरसकट काढून टाकता येत नाही, कारण मेंदूला आणि काही पांढऱ्या पेशींना ते लागतं. म्हणून कात्री त्या जनुकावर न चालवता, त्याला फक्त तांबड्या पेशी बनवणाऱ्या पेशींत चालू ठेवणाऱ्या डीएनएच्या छोट्या भागावर चालवतात. तो भाग तुटला की तिथे बीसीएल११ए घटतं आणि गॅमा जनुक पुन्हा सुरू होतं. ही युक्ती मला या सगळ्या शोधातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

प्रत्यक्ष उपचार सोपा नाही. आधी किमान आठ आठवडे रक्त देऊन रुग्णाच्या रक्तातलं सिकल हिमोग्लोबिन ३० टक्क्यांखाली आणतात. मग हाडांच्या मगजातल्या मूळपेशी रक्तात उतरवण्यासाठी प्लेरिक्साफोर हे इंजेक्शन देतात. इतर आजारांत या कामाला जी-सीएसएफ हे औषध वापरतात, पण सिकलसेलच्या रुग्णात त्याने जीवघेणी कळ उठू शकते, म्हणून ते टाळतात. एकट्या प्लेरिक्साफोरने पेशी कमी उतरतात. शरीराच्या दर किलो वजनाला किमान ३० लाख मूळपेशी परत द्याव्या लागतात, म्हणजे ५० किलोच्या माणसाला १५ कोटी. शिवाय उपचार फसलाच तर हाताशी असाव्यात म्हणून काही पेशी न बदलता राखून ठेवतात. त्यामुळे यंत्राला जोडून पेशी गोळा करण्याच्या फेऱ्या अनेकदा पुन्हा कराव्या लागतात.

प्रयोगशाळेत विजेचा क्षणिक झटका देऊन पेशींच्या आवरणाला छिद्रं पाडतात आणि त्यातून कात्री आत जाते. बदललेल्या पेशी गोठवून, तपासून परत यायला सहा महिनेही लागतात. त्या आल्या की चार दिवस बुसल्फान हे केमोथेरपीचं औषध देऊन मगजातल्या जुन्या मूळपेशी नष्ट करतात, नाहीतर नव्यांना जागाच मिळत नाही. हा टप्पा सर्वांत कठीण असतो. तोंडात फोड येतात, प्रतिकारशक्ती जवळपास शून्यावर येते, वंध्यत्वाचा धोका असतो. म्हणून अंडी किंवा शुक्राणू आधीच गोठवून ठेवण्याबद्दल रुग्णाशी बोलायलाच हवं. न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, पुन्हा पुरेशा प्रमाणात यायला सुमारे चार आठवडे लागतात, आणि रुग्णालयातला मुक्काम चार ते सहा आठवड्यांचा होतो.

फळ मात्र मोठं आहे. अमेरिकी मंजुरीच्या वेळी ज्या ३१ रुग्णांचा पाठपुरावा पुरेसा झाला होता, त्यांपैकी २९ जणांना सलग वर्षभर एकही तीव्र कळ आली नाही. गर्भातल्या हिमोग्लोबिनचं प्रमाण ४० टक्क्यांच्या आसपास गेलं. कात्रीने भलतीकडे कापलं असेल तर ते उशिरा कळू शकतं, म्हणून रुग्णांवर १५ वर्षं लक्ष ठेवण्याची योजना आहे.

अमेरिकेत याची किंमत २२ लाख डॉलर आहे, आणि त्यात रुग्णालयाचा खर्च धरलेला नाही. नंदुरबारमधल्या धडगाव किंवा गडचिरोलीतल्या एटापल्लीच्या मुलापर्यंत हा उपचार या रूपात पोहोचणार नाही, हे स्पष्ट म्हटलं पाहिजे. दिल्लीच्या सीएसआयआर-आयजीआयबी या संस्थेने क्रिस्परमधल्या कॅस९ या कात्रीच्या वेगळ्या रूपावर आधारलेला देशी उपचार विकसित केला आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये तो 'बिरसा १०१' या नावाने जाहीर झाला आणि पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट त्यात भागीदार आहे. त्याने किंमत उतरू शकेल, पण पेशी बाहेर काढून बदलायच्या असतील तर बुसल्फान आणि निर्जंतुक खोली लागणारच. खरा बदल तेव्हा होईल, जेव्हा कात्री एका सुईने थेट मगजापर्यंत नेता येईल. चरबीच्या सूक्ष्म थेंबांत बांधून ती यकृतापर्यंत सहज जाते, मगजापर्यंत नेणं अजून अवघड आहे. मूळपेशी ओळखणारी प्रतिपिंडं त्या थेंबांना जोडण्याचे प्रयोग सुरू आहेत, माझी सर्वांत जास्त आशा त्यांच्यावर आहे.

तोवर गर्भातलं हिमोग्लोबिन थोडंफार वाढवणारी एक स्वस्त गोळी आपल्याकडे आहेच: हायड्रॉक्सियुरिया. साधारणपणे दर किलो वजनाला १० ते १५ मिलीग्रॅमपासून ती रोज एकदा सुरू करतात. परिणाम दिसायला तीन ते सहा महिने लागतात आणि नेमकं त्याआधीच अनेक जण ती सोडून देतात. पांढऱ्या पेशी घटू शकतात, म्हणून डॉक्टरांनी सांगितलेल्या तारखांना रक्त तपासणं चुकवू नये. गर्भधारणेचा विचार असेल तर आधी डॉक्टरांशी बोलावं.

तपासणीतही एक चूक वारंवार होते. सोल्युबिलिटी चाचणी सिकल हिमोग्लोबिन आहे एवढंच सांगते, वाहक आणि रुग्ण यांतला फरक तिला कळत नाही. सहा महिन्यांखालच्या बाळात किंवा नुकतंच रक्त चढवलेल्या माणसात ती खोटी निगेटिव्हही येऊ शकते. म्हणून हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणाऱ्या एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस या चाचणीचा कागद मागून घ्यावा. जनुकोपचार झालेल्या माणसानेही मुलाचा विचार करताना जोडीदाराचा असा कागद पाहावा. मगज बदलला तरी अंडी आणि शुक्राणू तेच राहतात, त्यामुळे असा माणूस प्रत्येक मुलाला सिकलचं जनुक देणारच. जोडीदार एएस निघाला तर प्रत्येक गर्भारपणात मूल एसएस होण्याची शक्यता ५० टक्के असते. दोघंही एएस असतील तर ती २५ टक्के असते, आणि गर्भाची तपासणी दहाव्या ते बाराव्या आठवड्याच्या सुमारास करता येते.