अस्थिसंधिशोथ : रोजच्या जगण्यातील वेदनानियंत्रण

अस्थिसंधिशोथ हा उतारवयात सर्वाधिक आढळणारा संधिविकार असून तो झिजेचा संधिवात किंवा ऑस्टिओआर्थ्रायटिस या नावांनीही ओळखला जातो. गुडघे, खुबे, मणके व हातांच्या बोटांचे सांधे ही त्याची नेहमीची ठिकाणे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये जगभरात सुमारे ५२.८ कोटी लोकांना हा विकार होता. त्यांत सुमारे ६० टक्के स्त्रिया होत्या. झिजलेली कूर्चा (सांध्यातील हाडांच्या टोकांवरचे गुळगुळीत आवरण) पूर्ववत करणारे औषध अद्याप उपलब्ध नाही. त्यामुळे वेदना आटोक्यात ठेवून हालचाल टिकवणे हा उपचाराचा गाभा ठरतो आणि त्याचा मोठा भाग रुग्णालाच घरी सांभाळावा लागतो.

विकार अतिप्राचीन आहे. फ्रान्समधील ला शापेल-ओ-सँ येथे १९०८ मध्ये सापडलेल्या, बहुधा ५०,००० वर्षांहून जुन्या निअँडरथल या लुप्त मानवजातीच्या सांगाड्याच्या मणक्यांत त्याच्या स्पष्ट खुणा आहेत. बोटांच्या टोकांजवळील गाठींचे इंग्रज वैद्य विल्यम हेबर्डन यांनी केलेले वर्णन १८०२ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाले. ऱ्हुमॅटॉइड संधिवातापासून (शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांवर उलटल्याने होणाऱ्या दाहक विकारापासून) हा विकार वेगळा काढण्याचे श्रेय सामान्यतः इंग्रज वैद्य आर्चिबाल्ड गॅरॉड यांच्या विसाव्या शतकाच्या आरंभीच्या लेखनाला देतात. मात्र ऑस्टिओआर्थ्रायटिस हे नाव त्याआधीच, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, वापरात आले होते.

वेदनेचा उगम : हा प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही. जुन्या मतानुसार कूर्चा झिजते, हाडावर हाड घासते आणि म्हणून दुखते. परंतु निरोगी कूर्चेत मज्जातंतू नसतात. स्कॉट डाय या अस्थिशल्यचिकित्सकांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात स्वतःच्या गुडघ्याच्या आतील भाग बधिर न करता दुर्बिणीतून तपासवून घेतला. कूर्चेवर दाब देऊनही वेदना झाली नाही. सांध्याचे अस्तर व गुडघ्याच्या वाटीखालील चरबीची गादी यांना स्पर्श होताच मात्र ती तीव्र होती. कूर्चेखालचे हाड, संधिकोश (सांध्याभोवतीचे आवरण) आणि अस्तराचा दाह हे वेदनेचे मुख्य स्रोत असावेत, असे आज बहुतेक अभ्यासक मानतात. दीर्घकाळ दुखत राहिल्यास मेरुरज्जू व मेंदू यांची संवेदनशीलता वाढते आणि एरवी न खुपणारा भारही खुपू लागतो, हेही मत आता दृढ झाले आहे. अपुरी झोप, चिंता व खिन्नता यांनी दुखणे वाढते. तेव्हा झोपेकडे लक्ष देणे हा वेदनोपचाराचाच भाग आहे.

केलग्रेन आणि लॉरेन्स यांनी १९५७ मध्ये मांडलेली क्ष-किरण चित्रांची ० (झीज नाही) ते ४ (तीव्र झीज) ही प्रतवारी आजही वापरतात. तथापि चित्रातील झीज आणि प्रत्यक्ष दुखणे यांचा मेळ अनेकदा बसत नाही. चित्रात बरीच झीज असूनही सहज चालणारे आढळतात आणि किरकोळ बदल असूनही बेजार झालेले लोक भेटतात. ‘गुडघे संपले’ हे वाक्य ऐकून चालणे सोडणाऱ्यांचे यात खरे नुकसान होते. हालचाल थांबली की मांडीचे स्नायू दुबळे होतात, सांध्याचा आधार जातो आणि दुखणे वाढते.

व्यायाम : म्हणूनच बहुतेक मार्गदर्शक सूचनांत व्यायामाला पहिले स्थान आहे. चालणे, पाण्यातील व्यायाम, सायकल, ताई ची (संथ हालचालींचा चिनी व्यायामप्रकार) यांपैकी जे नियमित जमेल ते करावे; गुडघ्यासाठी मांडीच्या पुढच्या व नितंबाच्या स्नायूंना बळ देणारे व्यायाम विशेष उपयोगी. आरंभी थोडे दुखणे स्वाभाविक असते. व्यायामानंतर वाढलेले दुखणे दुसऱ्या दिवसापर्यंत पूर्वपदावर आले तर मात्रा योग्य, न आल्यास कमी करावी. गुण दिसायला काही आठवडे लागतात आणि सोडल्यास तो ओसरतो. बरे वाटलेल्या दिवशी सगळी कामे उरकायची आणि पुढचे दोन दिवस पडून राहायचे, हे चक्र मोडण्यासाठी कामाचे तुकडे पाडून दुखण्याआधीच विसावा घ्यावा.

भार : स्टीफन मेसियर व सहकाऱ्यांच्या २००५ मधील अभ्यासानुसार स्थूल व्यक्तीचे वजन १ किलोने घटले तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरील भार सुमारे ४ किलोने घटतो. काठी दुखऱ्या बाजूला धरणे ही सर्रास होणारी चूक आहे. ती विरुद्ध हातात हवी आणि तिची मूठ मनगटाच्या रेषेत यावी. जिना चढताना चांगला पाय आधी टाकावा, उतरताना दुखरा. उंच व हात असलेली खुर्ची उठताना गुडघ्यावरील ताण कमी करते. उकिडवे बसणे त्रासदायक असल्यास टाळावे. शेक किंवा बर्फ यांचा पुरावा तोकडा आहे, पण जपून वापरल्यास अपाय नाही.

औषधे : गुडघा व हात यांसाठी डायक्लोफेनॅकसारखे दाहशामक मलम आधी वापरून पाहावे, खुबा खोल असल्याने तेथे ते पोहोचत नाही. त्याच गटातील गोळ्या गुणकारी असल्या तरी जठर, मूत्रपिंड व हृदय यांना धोका असल्याने त्या वैद्यकीय सल्ल्याने, कमीत कमी मात्रेत व थोडे दिवस घ्याव्यात. पॅरासिटामॉलचा परिणाम पूर्वी समजले जाई त्यापेक्षा बराच कमी असल्याचे दिसते. ग्लुकोसामीन या सांध्यांसाठी घेतल्या जाणाऱ्या पूरक द्रव्याविषयी मतभेद आहेत. २००६ मधील मोठ्या अमेरिकी चाचणीत एकूण रुग्णांत त्याचा लक्षणीय फायदा दिसला नाही. गुडघा दुर्बिणीतून धुण्याची शस्त्रक्रिया २००२ मधील चाचणीत नुसते त्वचेला छेद देऊन केलेल्या लुटुपुटीच्या शस्त्रक्रियेपेक्षा सरस ठरली नाही. इतर उपायांनी न थांबणाऱ्या तीव्र वेदनेत मात्र सांधेबदल पुष्कळांना मोठा दिलासा देतो.

हातांच्या सांध्यांबाबत संशोधन तुलनेने कमी आहे. अंगठ्याच्या मुळाशी आधारपट्टी बांधणे व जाड मुठीची साधने वापरणे एवढे सुचवता येते.

सांधा अचानक लाल, गरम होऊन सुजणे, सोबत ताप येणे किंवा पायावर भार टाकताच न येणे ही या विकाराची नेहमीची लक्षणे नव्हेत. अशा वेळी त्वरित तपासणी आवश्यक असते. सकाळचा ताठरपणा तासाहून अधिक टिकत असेल तर दाहक संधिवाताची शक्यता तपासून घ्यावी.